चौथऱ्यावरची जहाजी तोफ कशी वाचायची

ब्रिटिश बनावटीच्या जुन्या तोफेच्या पाठीवर, मागच्या टोकाजवळ, छिन्नीने कोरलेले तीन आकडे बऱ्याचदा सापडतात. समजा ते १७–३–८ असे आहेत. हे बघून '१७ मार्च १७०८' अशी तारीख लावून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात, आणि एकदा ती तारीख पाटीवर चढली की पुढची पन्नास वर्षे उतरत नाही. प्रत्यक्षात ते तोफेचे वजन असते. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा क्वार्टरचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. १७ गुणिले ११२ म्हणजे १९०४, अधिक ३ गुणिले २८ म्हणजे ८४, अधिक ८. एकूण १९९६ पौंड, म्हणजे साधारण ९०५ किलो. खात्री करायची सोपी खूण अशी, की मधला आकडा कधीच ३ च्या वर जात नाही आणि शेवटचा २७ च्या वर जात नाही. मधे ५ दिसला तर एकतर गंजाने आकडा खाल्लाय, किंवा तो वजनाचा आकडाच नाही.

अशा तोफा आपल्याकडे आल्या कुठून ते आधी बघू. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांना खाडी आहे आणि खाडीला तोफांचा जुना शेजार आहे. घोडबंदर, ठाण्याचा किल्ला (आजचे मध्यवर्ती कारागृह), बेलापूरचा किल्ला, आणि पलीकडे वसई. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीज बांधत असतानाच १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीसह घेतला. २८ डिसेंबर १७७४ ला तो इंग्रजांकडे गेला. त्या वेढ्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनचा, म्हणजे मुंबईच्या आरमाराचा, कमोडोर जॉन वॉटसन कामी आला. हा वॉटसन वेगळा आणि १७५६ मध्ये विजयदुर्गावर चालून आलेला अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन वेगळा. दोघांची सरमिसळ नेहमी होते. बेलापूर १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतले. एवढ्या हस्तांतरात किल्ल्याबरोबर तोफाही हात बदलत गेल्या. जिंकलेली तोफ कोणी फेकून देत नसे. ती फिरवून आधीच्या मालकावरच रोखली जायची. म्हणून 'ही तोफ पोर्तुगीजांची की पेशव्यांची' हा प्रश्नच थोडा फसवा आहे. ती कुठे ओतली, कधी ओतली आणि कशासाठी ओतली हे लोखंडावरून कळू शकते. शेवटी कोणी वापरली ते बहुधा कळत नाही.

ओतणारा आणि वापरणारा वेगळा असण्याचे उदाहरण दूर नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात लोखंडी गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. सहलीला गेलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्यांचा फोटो असतो आणि खाली 'कान्होजींच्या तोफा' असे लिहिलेले असते. त्यांवर यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचे नाव आहे. तो कारखाना १७९१ मध्ये सुरू झाला. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. हिशेब इथेच संपतो. शिवाय ओतीव लोखंडाचा गाडा जहाजावर चालत नसे, कारण शत्रूचा गोळा लागला की त्याचे तुकडे होऊन आपलीच माणसे मरत. असा गाडा किल्ल्यात, तेही माऱ्यापासून आडोशाच्या जागी ठेवण्यासाठी असे.

आता टेप घ्या. पहिली चूक लांबी मोजतानाच होते. ब्रिटिश पद्धतीत तोफेची लांबी म्हणजे तोंडाच्या कडेपासून मागच्या जाड कड्याच्या मागच्या बाजूपर्यंत. त्यामागे जे बोंड असते, म्हणजे मानेवरचा गोळा, ते लांबीत धरत नाहीत. बोंडासकट मोजले की फूटभर लांबी वाढते आणि मग तक्त्यात कुठलीच तोफ जुळत नाही. उदाहरणार्थ, ब्रिटिश आरमाराची ३२ पौंडी लांब तोफ साडेनऊ फूट, म्हणजे २९० सेंटिमीटर असे आणि वजन साधारण ५५ हंड्रेडवेट, म्हणजे २८०० किलोच्या घरात.

'पौंडी' म्हणजे गोळ्याचे वजन, तोफेचे नव्हे. हे माहीत नसल्याने '३२ पौंड वजनाची तोफ' अशी वाक्ये छापून येतात. तीन माणसांनीही हलणार नाही अशी वस्तू साडेचौदा किलोची कशी, हे कोणी विचारत नाही. गोळ्याचे वजन नळीच्या व्यासावरून काढता येते. चार इंच व्यासाचा ओतीव लोखंडी गोळा ९ पौंडांचा भरतो. तेवढे एक लक्षात ठेवले की पुढचे सगळे घनाच्या हिशेबाने येते. मात्र गोळा नळीत घट्ट बसत नसे. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश नियमाने गोळ्याचा व्यास नळीच्या २१ भागांपैकी २० भाग असे. म्हणून नळीचा व्यास इंचांत घ्या, २० ने गुणून २१ ने भागा, आलेल्या आकड्याचा घन करा, त्याला ९ ने गुणा आणि ६४ ने भागा.

करून बघू. नळी १३४ मिलिमीटर भरली. म्हणजे ५.२८ इंच. गोळा ५.०२ इंच. घन १२७ च्या आसपास. गुणून-भागून १७.८. ही १८ पौंडी तोफ. ९३ मिलिमीटरला ६ पौंडी येते, १०७ ला ९ पौंडी, ११७ ला १२ पौंडी, १४८ ला २४ पौंडी, १६३ ला ३२ पौंडी. उत्तर १०.४ किंवा २७ असे अधांतरी आले तर तीन शक्यता तपासा. तोंडाची कड झिजलेली असते, म्हणून माप कडेवर न घेता हातभर आत, दोन दिशांना घ्यावे. आत गंजाचा पापुद्रा असेल तर व्यास कमी भरतो. आणि तोफ फ्रेंच किंवा डच असेल तर पौंडच वेगळा. फ्रेंच पौंड ४८९ ग्रॅमचा, ब्रिटिश ४५४ चा. फ्रेंचांची ३६ पौंडी तोफ इंग्रजी हिशेबाने ३९ पौंडी होते.

आता सुरुवातीच्या १७–३–८ कडे परत येऊ. तेवढ्या वजनाची ब्रिटिश तोफ नळी ९३ मिलिमीटरची असेल तर ६ पौंडी लांब तोफ ठरते. नळी १५९ मिलिमीटरची असेल तर मामला वेगळा. ती ३२ पौंडी कॅरोनेड, म्हणजे आखूड नळीची जहाजी तोफ. वजन जवळपास तेच, गोळा पाचपटीहून जड. म्हणून नुसते वजन किंवा नुसता व्यास वाचून निकाल देऊ नये, दोन्ही घ्यावे.

कॅरोनेड ओळखायला खरे तर टेपही लागत नाही. आखूड, जाडजूड, आणि दोन्ही बाजूंना खुंटे, म्हणजे तोफ गाड्यावर टेकवणारे आडवे दांडे, नाहीत. खुंट्यांऐवजी पोटाखाली भोक असलेला एक जाड कान असतो. त्यातून आडवा खिळा घालून ती सरकत्या लाकडी पाटावर बसवत. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कजवळच्या कॅरन कारखान्याची ही निर्मिती, १७७८-७९ ची. याच कारखान्याच्या तोफा फुटतात म्हणून १७७३ मध्ये ब्रिटिश आरमाराने काढून टाकल्या होत्या. पाच-सहा वर्षांत त्यांनी असे हत्यार आणले की आरमाराला ते घ्यावेच लागले. ३२ पौंडी लांब तोफेला दहा-साडेदहा पौंड दारू लागे, तेवढाच गोळा कॅरोनेड अडीच-पावणेतीन पौंड दारूत फेकत असे. गोळा आणि नळी यांतली फट कमी ठेवली होती, म्हणून कमी दारूतही भागे. त्यामुळे वर दिलेला २०/२१ चा नियम कॅरोनेडला लावू नका, उत्तर चुकते. पल्ला मात्र फार थोडा. जवळ जाऊन भिडणाऱ्या जहाजाला ठीक, नाहीतर पंचाईत. १८१४ मध्ये अमेरिकेच्या एसेक्स या फ्रिगेटवर (मधल्या आकाराच्या युद्धनौकेवर) जवळजवळ सगळ्या कॅरोनेडच होत्या. ब्रिटिशांच्या फीबी या जहाजाने लांब तोफांच्या जोरावर दूर राहून तिला झोडपले आणि चिलीतल्या वाल्परायसोजवळ शरण आणले.

लांब तोफेची घडण बघताना मागून पुढे यावे. बोंड दोर अडकवायला आणि तोफ उचलायला. त्याच्या पुढे सगळ्यात जाड भाग, कारण दारू तिथे पेटते आणि दाब तिथेच सर्वांत जास्त. पुढे दाब उतरत जातो तशी भिंत बारीक होत जाते. तोंडाशी पुन्हा थोडा फुगवटा देतात, कारण कड ही ठेच लागून फुटण्याची जागा. अंगावरची कडी बघून लोक 'लोखंडी पट्ट्या ठोकल्यात' असे म्हणतात. ओतीव तोफेत ती कडी एकाच ओतात आलेली असतात. पट्ट्या जोडून केलेल्या जुन्या तोफांची ती उरलेली आठवण, बाकी नक्षी. जितकी कडी जास्त तितकी तोफ साधारणपणे जुनी. १७८० मध्ये ब्रिटिश तोफखान्याचा निरीक्षक झालेल्या थॉमस ब्लोमफिल्डने ही नक्षी खरवडून काढावी तशी कमी केली, मागचा भाग जाड केला आणि बोंडाच्या वर एक कडी दिली. त्या कडीतून जहाजाचा जाड दोर ओवायचा. बोंडावर अशी ओतीव कडी दिसली तर तोफ १७८० च्या दशकानंतरच्या घाटाची आणि जहाज डोळ्यासमोर ठेवून केलेली. जहाजी तोफ ओळखण्याची यापेक्षा पक्की खूण नळीवर दुसरी नाही. त्याआधीच्या तोफा जहाजावर आणि किल्ल्यावर सारख्याच वापरल्या जात.

दोन्ही बाजूंचे खुंटे जाडीला आणि लांबीला साधारण नळीच्या व्यासाएवढे असतात. ते नळीच्या मध्यरेषेच्या थोडे खाली बसवत, त्यामुळे बार उडाला की तोफेची मागची बाजू गाड्यावर दाबली जाई, उसळत नसे. जागाही नेमक्या मध्यावर नसते, किंचित पुढे-मागे अशी ठेवतात की मागची बाजू जड राहावी आणि पाचरीवर टेकावी. खुंट्यांच्या चपट्या तोंडांवर ओतणाऱ्याची खूण, वर्ष किंवा क्रमांक असतो आणि नेमका तोच भाग चौथऱ्याच्या सिमेंटमध्ये गाडलेला असतो. रॉदरहॅमच्या वॉकर कंपनीच्या तोफांवर डब्ल्यू आणि सीओ ही अक्षरे, कॅरनवर कारखान्याचे नाव, स्वीडनच्या फिन्स्पाँगच्या तोफांवर एफ. स्वीडिश तोफा युरोपभर विकल्या जात, म्हणून एफ असलेली तोफ कुठल्याही देशाच्या जहाजावरून आलेली असू शकते.

पाठीवर मुकुट आणि जी आर अक्षरे असतील तर ती इंग्लंडच्या जॉर्ज राजांपैकी एकाची. बाणाचे टोक म्हणजे सरकारी मालकी. दोन बाण टोकाला टोक लावून कोरले असतील तर ती तोफ सरकारने सेवेतून काढून विकलेली. हृदयाच्या आकारात अक्षरे आणि वर इंग्रजी चारसारखी रेघ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. व्ही, ओ, सी गुंफलेले म्हणजे डच कंपनी. ढालीत पाच लहान ढाली आणि भोवती किल्ल्यांची किनार म्हणजे पोर्तुगालचे राजचिन्ह. हे सगळे ऑइल पेंटच्या सात-आठ थरांखाली बुजलेले असते. दिवसाउजेडी काही दिसत नाही. अंधार पडल्यावर टॉर्च तोफेच्या अंगाला जवळजवळ चिकटवून आडवा प्रकाश टाकला की रंगाखालच्या खाचांची सावली पडते. तेवढ्यात फोटो घ्या. खरवडून बघायचा मोह टाळा.

धातू कोणता ते लोहचुंबक सांगतो. चिकटला तर लोखंड. नाही चिकटला आणि हिरवट छटा दिसली तर पितळी म्हणतात ती, प्रत्यक्षात कांस्याची, दहा भागांत साधारण नऊ तांबे आणि एक कथील. कांस्य फुटण्याआधी फुगते, म्हणून गोलंदाजाला धोक्याची सूचना मिळते. ओतीव लोखंड काही सांगत नाही, एकदम तुकडे करते. तरी जहाजावर लोखंडच जिंकले, कारण ते कित्येक पट स्वस्त पडे आणि एका मोठ्या जहाजाला शंभरेक तोफा लागत. ट्रफाल्गरच्या लढाईत १८०५ मध्ये ब्रिटिशांच्या व्हिक्टरी या जहाजाच्या तीन मुख्य मजल्यांवरच ३० बत्तीस पौंडी, २८ चोवीस पौंडी आणि ३० बारा पौंडी तोफा होत्या. एवढे कांस्य कोण घेणार!

लोखंडी तोफ फुटते ती बहुतेक वेळा ओतकामातच ठरलेली असते. साचा उभा ठेवून, तोंड वर करून ओतत. तोंडाच्याही वर दीड-दोन हात जास्तीचा रस भरत. त्या डोक्याच्या वजनाने खालचा धातू दाबला जाई, थंड होताना आक्रसला तर वरून रस मिळे, आणि मळी-बुडबुडे वर चढून त्या डोक्यात अडकत. नंतर ते डोके कापून टाकायचे. कंजुषी करून डोके आखूड ठेवले की बुडबुडे तोफेतच राहिले म्हणून समजा. जुन्या पद्धतीत नळीच्या जागी मातीचा गाभा उभा करून भोवती ओतत. रसाच्या लोटाने गाभा सरकला की नळी तिरकी, एक भिंत जाड, दुसरी पातळ. अठराव्या शतकात योहान मारित्झने भरीव तोफ ओतून मग भोक पाडण्याची पद्धत आणली आणि १७७४ मध्ये जॉन विल्किन्सनने इंग्लंडमध्ये त्यावर पेटंट घेतले. भोक पाडताना तोफ फिरते, हत्यार स्थिर राहते, त्यामुळे नळी सरळ येते. तुमच्या तोफेच्या तोंडाशी चारही बाजूंनी भिंतीची जाडी मोजा. ठळक फरक आला तर गाभ्यावर ओतलेली असण्याची शक्यता मोठी.

जहाजावरचा गाडा म्हणजे चार छोटी लाकडी चाके, दोन जाड फळ्या, दोन आस. मोठी चाके असलेला गाडा जमिनीवरचा. आपल्याकडे सुशोभीकरणात जहाजी नळीला बैलगाडीची चाके लावतात. बघायला बरे दिसते, पण जहाजाच्या बुटक्या खिडकीतून अशी तोफ डोकावणार कशी? इंग्लंडमध्ये गाड्याला एल्मचे लाकूड वापरत, मुंबईच्या गोदीत सागाचे राज्य. वाडियांनी १८१७ मध्ये मुंबईत सागात बांधलेले ट्रिंकोमाली हे ३८ तोफांचे फ्रिगेट आज हार्टलपूलला तरंगत्या अवस्थेत उभे आहे. तिच्यावरच्या मुख्य तोफा १८ पौंडी होत्या.

बार काढण्याची रीत सांगितल्याशिवाय तोफेची घडण कळत नाही. ३२ पौंडीला चौदा माणसे लागत. आधी ओला बोळा नळीत फिरवून राहिलेली ठिणगी विझवायची. हे करताना एकाने कानावर, म्हणजे मागच्या बत्तीच्या भोकावर, अंगठा दाबून धरायचा. अंगठा सुटला तर भोकातून हवा खेचली जाते, आतली राख फुलते आणि पुढची दारूची पिशवी आत जाताच पेटते. समोर गज घेऊन उभा असलेल्याचे हात जातात. मग दारूची पिशवी, मग गोळा, मग दोरखंडाच्या धाग्यांचा बोळा. जमिनीवर शेवटचा बोळा नसला तरी चालते, जहाज डोलत असते, बोळा नसेल तर गोळा घरंगळून समुद्रात. गजाने ठोकून सगळे तळाला बसवायचे. गोळा मधेच राहिला आणि दारूत व त्याच्यात पोकळी राहिली तर दाब भलत्या जागी चढतो आणि नळी मधूनच फुटते. कानातून तार घालून पिशवी टोचायची, रंजक, म्हणजे बत्ती देण्यासाठीची थोडी दारू, भरायची किंवा दारू भरलेली पिसाची नळी खोचायची, आणि पलित्याने बत्ती द्यायची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पलित्याच्या जागी गारगोटीचा चाप आला.

पिशव्या आधी कागदाच्या असत. कागदाचे बूड जळत नसे, धुमसत नळीत राहायचे आणि दर काही बारांनंतर मळसूत्री आकड्याने ते ओढून काढावे लागे. फ्लॅनेलच्या पिशव्या आल्यावर हे संकट बरेच टळले. बार उडाला की तोफ सुमारे अकरा फूट मागे येई आणि तोफेच्या लांबीच्या तिप्पट असलेला जाड दोर तिला अडवे. हा धक्का वाया जात नसे. तोफ आपोआप आत आल्याने तोंड पुन्हा भरायला हाताशी येई. आठ-दहा बारांनंतर नळी तापते, उडी वाढते, दोराच्या कड्या उपटायला लागतात. तेव्हा दारू कमी करायची असे. ते विसरले की मग जहाजावर मोकाट सुटलेली तीन टनांची तोफ. शत्रूपेक्षा वाईट.

आपल्या गुराबा (मोठ्या लढाऊ नावा) आणि गलबतांवर एवढ्या जड तोफा नसत. इंग्रजी वर्णनांप्रमाणे गुराबेच्या नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या दोन ९ ते १२ पौंडी आणि बाजूंना ६ ते ९ पौंडी तोफा असत. सत्तर टनांपर्यंतच्या गलबतांवर २ ते ४ पौंडी. पुढे मारा करणारी तोफ उथळ खाडीत, वल्ह्यांवर चालणाऱ्या नावेला फार सोयीची, कारण वळून बाजू दाखवायची गरज नाही. तेव्हा खाडीच्या चिखलात ९३ किंवा १०७ मिलिमीटरची नळी मिळाली तर 'छोटी आहे, किल्ल्यावरची नसेल' म्हणून नाक मुरडू नका.

मिळालीच तर काय करायचे? पहिले काम, ती भरलेली आहे का ते बघणे. बांबूची सरळ काठी तोंडातून हळू आत सोडा, अडेल तिथे खूण करा, काठी बाहेर काढून तोफेच्या अंगावर त्याच खुणेने धरा. टोक कानाच्या जवळपास पोचले तर नळी रिकामी. हातभर अलीकडे थांबले तर आत माती-कचरा असेल, नाहीतर गोळा आणि त्यामागे दारूही असेल. वाळलेली काळी दारू शेकडो वर्षांनीही पेटते. लोखंडी सळई, ड्रिल, वेल्डिंग यातले काहीही जवळ आणू नये. कानात लोखंडी खिळा ठोकलेला दिसला तर तो उपटू नका. माघार घेणारे तोफांच्या कानात खिळे मारून जात, तो खिळा स्वतःच पुरावा आहे.

दुसरे, कळवणे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. पुढचे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचे काम. तोवर तोफ वाळू द्यायची नाही. यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात मोठे नुकसान चांगल्या हेतूने इथेच होते. खाऱ्या पाण्यात ओतीव लोखंडातले लोह हळूहळू निघून जाते आणि ग्रॅफाइटचा सांगाडा मागे राहतो. आकार, कडी, अक्षरे सगळे जसेच्या तसे, पण नख रुतेल इतके मऊ. त्यात क्षार भरलेले. अशी तोफ उन्हात वाळली की क्षार फुलतात, वरचा थर बोटभर जाडीने सुटून पडतो आणि त्याबरोबर वजनाचे आकडे, मुकुट, सगळी ओळख जाते. ओली गोणपाटे गुंडाळून वर ताडपत्री, आणि जमेल तितक्या लवकर सोड्याच्या पाण्यात. उचलताना साखळी नको, रुंद पट्टे वापरा, एक मागच्या जाड भागाखाली, एक गळ्याखाली. खुंट्यांना लटकवू नये. क्रेनवाल्याला वजनाचा अंदाज आधी सांगा. चार-पाच फुटांची वस्तू बघून त्याला ती टनाची वाटत नाही.

क्षार काढायची खात्रीची पद्धत म्हणजे साधारण दोन टक्के कॉस्टिक सोड्याच्या टाकीत, लिटरला वीस ग्रॅम, तोफेला ऋण टोक आणि भोवतीच्या पोलादी जाळीला धन टोक जोडून मंद विद्युतप्रवाह. पाण्यातले क्लोराइड मोजत राहायचे, वाढले की पाणी बदलायचे. करंट वाढवून काम लवकर उरकत नाही. हायड्रोजनचे बुडबुडे जोरात सुटतात आणि मऊ थरच उचकटून टाकतात. मोठ्या तोफेला दोन-तीन वर्षे लागतात. टाकी उघड्यावर किंवा भरपूर हवेशीर जागीच हवी, कारण हायड्रोजन पेटतो. हे घरचे काम नव्हे, प्रशिक्षित संवर्धकाचे. धुऊन, वाळवून मग टॅनिक आम्लाचे दोन-तीन हात आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेण.

आधीपासून चौथऱ्यावर असलेल्या तोफेला पावसाळ्यानंतर नारिंगी थेंब फुटलेले दिसतात. ते घाम येण्यासारखे दिसतात. आतले क्षार हवेतला दमटपणा ओढून घेताहेत, त्याची ती खूण. त्यावर काळा ऑइल पेंट मारला की थेंब दिसेनासे होतात आणि गंज रंगाखाली निवांत वाढतो. सँडब्लास्टिंग तर अजिबात नको, मऊ थरावरची अक्षरे मिनिटभरात जातात. तोंडात सिमेंट भरणे हाही आवडता उद्योग आहे, मुले कचरा टाकतात म्हणून. सिमेंट आणि लोखंड यांच्या फटीत पाणी बसते ते कधीच निघत नाही. त्याऐवजी तोंडाला सैल बसणारा लाकडी गुडदा, खालच्या कडेला पाणी निघायला बोटभर खाच, आणि सगळी तोफ तोंडाकडे तीन-चार अंश उतरती. मग नळीत थेंब उभा राहत नाही. कानात मेण. खाली सिमेंटऐवजी सागाची किंवा रंगवलेल्या पोलादाची घोडी, आणि लोखंड टेकते तिथे रबराची जाड पट्टी. खुंटे मोकळे राहिले पाहिजेत, त्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. मेणाचा हात दरवर्षी ऑक्टोबरअखेर, तोफ उन्हाने चांगली तापून कोरडी झाल्यावर, दुपारी द्यावा. सकाळी दव असते, ते मेणाखाली अडकते.

पाटी लावायची तर तोफेला भोक न पाडता शेजारी वेगळ्या खांबावर. तिच्यावर लांबी बोंड वगळून, नळीचा व्यास, किती पौंडी, कोरलेले वजन जसेच्या तसे आणि किलोत, खुंट्यांवरच्या खुणा, आणि ती कुठे व कधी मिळाली. कोणाची होती ती ओळ, पुरावा नसेल तर, कोरी सोडा.